सरकी आणि सोर्स कोड

परवा शुक्रवारी रात्री साडेनऊला मी लोअर परळच्या ऑफिसात बसून होतो. कारण नेहमीचंच. क्लायंट अजून जुन्या व्हर्जनवर आहे, नव्या व्हर्जनमधलं एकच फीचर त्याला हवंय, आणि बाकी काही म्हणजे काही बदललेलं चालणार नाही. आमच्या धंद्यात याला बॅकपोर्ट म्हणतात. ऐकायला सोपं, करायला वैताग. ते एक फीचर उचलायला जावं तर त्याच्याबरोबर आणखी दहा फायली ओढल्या जातात, आणि त्यातली एखादी कुठेतरी काहीतरी मोडते.

आमच्या टीममधला एक मित्र यवतमाळ जिल्ह्यातला आहे. घरी कोरडवाहू शेती, मुख्य पीक कपाशी. तो चहाचा कप हातात घेऊन माझ्या मागे उभा राहिला, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, हे तर आमच्या कपाशीत केलं तेच चाललंय तुझं. बॅकक्रॉस. फक्त तिथे शेवटची पायरी घ्यायची राहूनच गेली."

मी म्हटलं म्हणजे काय? तो म्हणाला, "वाच जरा. आजोबा गिरणीत होते म्हणून सांगत असतोस ना सारखा?"

झालं. शनिवार-रविवार गेला. दादरला भाजी आणायला जायचं होतं, ते राहिलं आणि त्यावरून घरात जे ऐकायचं ते ऐकून झालं. पण जे वाचलं त्याने डोक्यात असा काही भुंगा सोडला की म्हटलं, लिहूनच टाकावं. विषय शेतीचा असला तरी घाबरू नका. कोड लिहिणाऱ्याला हा विषय इतरांपेक्षा लवकर कळतो असं माझं मत झालंय.

आधी बॅकक्रॉस म्हणजे काय ते बघू.

समजा तुमच्याकडे कपाशीचं एक चांगलं वाण आहे. तुमच्या जमिनीला, तुमच्या पावसाला सरावलेलं, धागा बरा देणारं. त्यात एकच उणीव आहे, बोंडअळी त्याला खाते. दुसरीकडे एक परकं वाण आहे. ते तुमच्या जमिनीत धड वाढत नाही, पण त्याच्यात अळीला मारणारा एक गुण आहे. तुम्हाला फक्त तो एक गुण हवाय. मग काय करायचं? दोघांचा संकर करायचा. पहिल्या पिढीत दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. ही पिढी पुन्हा आपल्या चांगल्या वाणाशी संकरित करायची. आता आपल्या वाणाचा वाटा सरासरी ७५ टक्के. पुन्हा त्याच वाणाशी, ८७.५. पुन्हा, ९३.७५. असं सहा वेळा परत परत त्याच वाणाकडे गेलं की वाटा ९९ टक्क्यांच्या वर जातो. परक्या वाणाचं जवळजवळ सगळं गळून जातं आणि हवा तो एक गुण तेवढा उरतो. अर्थात दर पिढीत तुम्ही तो जपलात तर.

हा 'तर' महत्त्वाचा. कारण दर पिढीत साधारण निम्म्याच झाडांत तो गुण उतरतो. उरलेली निम्मी झाडं दिसायला तशीच, पण त्यांत तो नसतो. म्हणजे प्रत्येक वेळी तपासणी आली. बीटी कपाशीच्या बाबतीत पानाचा रस काढून चाचणीच्या पट्टीवर लावला की अळीला मारणारं प्रथिन आहे की नाही ते कळतं. अशा पट्ट्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही तयार केल्या होत्या. ज्या झाडात प्रथिन नाही ते उपटून टाकायचं, ज्यात आहे त्यातलं आपल्या वाणासारखं दिसणारं निवडायचं, आणि पुढच्या संकराला घ्यायचं.

दुसरी भानगड म्हणजे आपल्या दहा फायलींची. जनुक एकटा येत नाही. गुणसूत्रावर त्याच्या शेजारी जे काही बसलेलं असतं तेही बरोबर येतं, आणि अनेक पिढ्या चिकटून राहतं. ते तोडायला खूप झाडं लावावी लागतात आणि नशीबही लागतं. हल्ली डीएनएच्या खुणा तपासून हे लवकर ओळखता येतं, म्हणजे एक प्रकारे दोन व्हर्जनचा 'डिफ' काढून बघता येतो. पूर्वी फक्त डोळे आणि धीर.

आणि मग येते ती माझा मित्र म्हणाला ती शेवटची पायरी. सहा वेळा परत जाऊनही तुमच्या हातातलं झाड अजून 'पक्कं' झालेलं नसतं. त्याच्यात त्या जनुकाची एकच प्रत असते, एका पालकाकडून आलेली. दुसऱ्या बाजूची जागा रिकामी. असं झाड स्वतःच्याच परागाने फळू दिलं की त्याच्या बियांचे तीन भाग पडतात. चौथा हिस्सा बियांत दोन प्रती, निम्म्यांत एक, आणि चौथा हिस्सा बियांत एकही नाही. दोन प्रतीवाली झाडं शोधायची, त्यांच्या ओळी वेगळ्या लावायच्या, ज्या ओळीत एकही झाड गुण सोडत नाही ती ठेवायची. मग ते वाण स्थिर झालं. यापुढे त्याची सरकी पिढ्यानपिढ्या पेरा, गुण जात नाही. याला आपल्याकडे सरळ वाण म्हणतात.

ही पद्धत काही कुणाच्या मालकीची नाही. जनावरांत ती आधीपासून होती. पिकांसाठी ती नीट मांडली १९२२ मध्ये अमेरिकेतल्या हार्लन आणि पोप या दोघांनी, बार्लीवर काम करताना. तेव्हापासून गहू, भात, टोमॅटो, भांग, जे म्हणाल त्यात ती वापरली गेली. शंभर वर्षं जुना, सर्वांना खुला अल्गोरिदम.

आता आपल्याकडे काय झालं ते बघा.

बॅसिलस थुरिंजेन्सिस नावाच्या जिवाणूतला क्राय१एसी हा जनुक मोन्सॅन्टो कंपनीने कपाशीत घातला तो कोकर ३१२ या अमेरिकन वाणात. का? तर प्रयोगशाळेत पेशींपासून अख्खं झाड परत वाढवणं या वाणात जमतं म्हणून. विदर्भात लावायला ते चांगलं आहे म्हणून नव्हे. जालन्याच्या महिको कंपनीने, म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने, नव्वदच्या दशकात ते बियाणं आणलं आणि आपल्याकडच्या वाणांशी बॅकक्रॉस केलं. मार्च २००२ मध्ये केंद्राच्या समितीने मेक १२, मेक १६२ आणि मेक १८४ या तीन वाणांना मंजुरी दिली. भारतातलं हे पहिलं मंजूर जनुकबदल केलेलं पीक.

ही तिन्ही वाणं संकरित होती. म्हणजे बॅकक्रॉस करून जे वाण बीटी झालं ते शेतकऱ्याला मिळालंच नाही. ते कंपनीकडे राहिलं, पालक म्हणून. त्याचा दुसऱ्या एका वाणाशी संकर करून जी पहिली पिढी तयार होते, तिची सरकी पाकिटात भरून विकली गेली. ही सरकी शेतकऱ्याने पेरली तर पीक एकसारखं येतं. पण त्या पिकाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर एक झाड उंच, एक बुटकं, एकात गुण आहे, एकात नाही. म्हणजे दर मृगाला दुकानात जाणं आलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर शेतकऱ्याला चालू प्रोग्राम मिळाला, सोर्स कोड नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. संकरित कपाशी ही काही परदेशी कंपनीने आपल्यावर लादलेली गोष्ट नाही. जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूस वाण, एच-४, सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी सरकारी संशोधनातूनच १९७० मध्ये दिलं. त्याने उत्पन्न वाढलं हेही खरं. आणि बीटीने सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी केल्या. मित्राचे वडील, काका, फोनवर म्हणाले, "पहिली चार-पाच वर्षं आम्ही निवांत झोपलो बाबू, खोटं कशाला बोलू." कंपन्यांनी पैसे घातले, धोका पत्करला, कमावलं. त्यात गैर काही नाही. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं एक पाकीट १६०० रुपयांच्या आसपास होतं. २००६ मध्ये आंध्र सरकार भांडलं आणि ते ७५० वर आलं. २०१६ पासून केंद्र सरकारच कमाल किंमत ठरवतं. त्यामुळे 'पाकीट महाग' एवढाच माझा मुद्दा नाही.

माझा मुद्दा असा की शेवटची पायरी गाळल्याचा परिणाम नुसता खिशावर झाला नाही, शेतावरही झाला.

परत त्या एक प्रत, दोन प्रतींच्या हिशोबाकडे या. बहुतेक संकरित बीटी वाणांत जनुक एकाच पालकाकडून येतो. म्हणजे शेतातल्या प्रत्येक झाडात एकच प्रत. झाडात प्रथिन तयार होतं, पानात असतं, सगळं ठीक. पण त्या झाडाच्या बोंडात ज्या बिया धरतात त्या पुढच्या पिढीच्या असतात. त्यातल्या साधारण चौथा हिस्सा बियांत जनुकच नसतो. पुढे २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड २ आलं. तिथे हिशोब असा, की सोळातल्या नऊ बियांत दोन्ही जनुक, तीनमध्ये पहिला, तीनमध्ये दुसरा, आणि एकीत काहीच नाही. आता गुलाबी बोंडअळी काय खाते? ती बोंडात शिरून नेमकी बियाच खाते. तिच्या ताटात एकाच बोंडात विषारी, अर्धवट विषारी आणि बिनविषारी असे सगळे पदार्थ वाढून ठेवलेले. नागपूरच्या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला, की यामुळे अळीला विष पचवायला शिकण्याची सोय आपणच करून दिली.

यावर शास्त्रज्ञांत वाद आहे हे नमूद करतो. २०१७ मध्ये चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शेतकऱ्यांनी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं, त्यामुळे शेतात चौथा हिस्सा झाडं बिनबीटी निघाली आणि तीच अळीला आसरा ठरली. अळी तिथे उलट पुन्हा नरमली. पण तिथे अख्खी झाडं बिनबीटी होती, आपल्याकडे एकाच बोंडात मिसळ होती, हा फरक आहेच. शिवाय आपल्याकडची कारणं आणखीही होती. शेताभोवती बिनबीटी कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या, त्यासाठी पाकिटासोबत वेगळी पुडी यायची, ती बहुतेकांनी लावलीच नाही. आणि वाणं लांब मुदतीची, सहा-सहा महिने शेतात उभी. म्हणजे अळीला दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत जेवण.

परिणाम? २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचं मोन्सॅन्टोने स्वतःच सांगितलं. पुढे दुसराही गेला. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडावीत तर आत अळी, असं चित्र होतं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. काका म्हणाले, "त्या वर्षी वेचाईला बाया येत नव्हत्या. येऊन करतील काय? कापूस निघतच नव्हता बोंडातून." तिकडे अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. तिथे कपाशी सरळ वाणांची, सगळ्या बिया बीटी. जोडीला आसऱ्याचं शिस्तीत पालन आणि नपुंसक केलेले पतंग सोडण्याचा मोठा कार्यक्रम.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेला भाग.

बॅकक्रॉसमध्ये आपण सगळे जनुकाविषयी बोलतो. पेटंट जनुकाचं, जाहिरात जनुकाची, भांडण जनुकाचं. पण गणित बघा ना. शेवटी ९९ टक्के काय असतं? ज्या वाणाकडे तुम्ही परत परत जाता ते. जनुक एक टक्काही नाही. म्हणजे खरा प्रश्न हा, की परत कुणाकडे जायचं? आणि हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याला कधी कुणी विचारला नाही.

महाराष्ट्रात कपाशी सुमारे ४० लाख हेक्टरवर असते आणि तिला बहुतांश आधार पावसाचा. अशा जमिनीला लवकर येणारं, बुटकं, पानावर लव असलेलं वाण बरं. लव असली की तुडतुडे त्रास कमी देतात. पण जनुक घातला गेला तो जी संकरित वाणं बाजारात खपत होती त्यांत. मग हजाराहून जास्त संकरित बीटी वाणांना मंजुरी मिळाली. दुकानात रंगीबेरंगी पाकिटं, आत काय आहे याचा शेतकऱ्याला पत्ता नाही. यातली कितीतरी लांब मुदतीची आणि तुडतुड्यांना बळी पडणारी. बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या आणि रस शोषणाऱ्या किडींच्या वाढल्या.

आणि इथे माझे आजोबा आले.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात तेही. परत गेले नाहीत. मला आठवतं ते त्यांचं एकच बोलणं, की कापूस खराब आला की तार तुटते आणि शिव्या साचेवाल्याला बसतात. त्यांना लांब धाग्याचा, मजबूत कापूस हवा होता. गिरण्यांनाही तोच हवा होता. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या पहिल्या गिरणीचा घाट घातला. त्या काळातल्या मुंबईच्या गिरण्या देशी, आखूड धाग्याच्या कापसावर जाडंभरडं सूत काढत. पुढे बारीक सूत हवं झालं. फाळणीत लांब धाग्याचा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला. मग अमेरिकन जातीची कपाशी वाढवायचं धोरण आलं. देशी कपाशी, जी दुष्काळात तग धरते आणि किडीला सहज बधत नाही, ती मागे पडली. तिची गुणसूत्रं २६, अमेरिकन कपाशीची ५२, त्यामुळे एकीचा गुण दुसरीत नेणं सोपं नाही. दोन वेगळ्या भाषांतला कोड.

माटुंग्याला, फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला अडेनवाला रोडवर एक जुनी संस्था आहे. हल्ली तिला सिरकॉट म्हणतात. १९२४ मध्ये सुरू झाली तेव्हा नुसती 'टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी' होती. देशभरातल्या पैदासकारांनी काढलेल्या नव्या वाणांचा कापूस तिथे यायचा. धागा किती लांब, किती मजबूत, किती नंबरचं सूत निघेल हे कातून बघितलं जायचं. मी त्या रस्त्याने शंभरदा गेलोय, कॉलेजच्या दिवसांत तर रोज. आत काय चालतं याचा कधी विचार केला नाही. थोडक्यात, विदर्भातल्या काळ्या मातीत कुठलं वाण 'चांगलं' ठरेल, यात माटुंग्याच्या चाचणीचा आणि परळ-लालबागच्या साच्यांचा मोठा हात होता. आधी गिरणीने ठरवलं कुठल्या वाणाकडे जायचं, मग बियाणे कंपनीने. आजोबांची तार तुटू नये म्हणून जे मागितलं गेलं, त्याची किंमत काकांच्या शेतात मोजली गेली. आजोबांचा दोष नाही, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. पण आम्ही या कापसावर वाढलो, आणि आता त्याच गिरणीच्या जागेवर एसीत बसून कोड लिहितो. तेव्हा 'आमचा काय संबंध' असं म्हणायला मला तरी जीभ रेटत नाही.

बरं, सरकारी संस्थांनी काहीच केलं नाही का? केलं. आणि ती गोष्ट वाचून मला जास्त वाईट वाटलं.

नागपूरची संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून बिकानेरी नरमा या सरळ वाणात क्राय१एसी जनुक आणला. 'बीएन बीटी'. २००८ मध्ये मंजुरी मिळाली, २००९ च्या खरिपात बियाणं शेतकऱ्यांकडे गेलं. स्वस्त, आणि सरकी राखून ठेवता येईल असं. अक्षरशः ओपन सोर्स! आणि वर्ष संपायच्या आत ते मागे घ्यावं लागलं. कारण त्या बियाण्यात मोन्सॅन्टोच्या जनुकरचनेचे अंश सापडले. पुढे चौकशी समिती बसली, २०१२ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यानेही मिसळ असल्याचं सांगितलं. आपल्या धंद्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. आपण लिहिलेला कोड म्हणून जाहीर केला, आणि आत दुसऱ्याची लायब्ररी निघाली. हेतू चांगला होता, पण प्रत्येक पिढीत जी तपासणी हवी होती ती झाली असती तर ही मिसळ दुकानात जायच्या आधीच सापडली असती.

गंमत अशी की तो पहिला जनुक, क्राय१एसीची ती मूळ रचना, भारतात पेटंटखाली नव्हतीच. पुढच्या दशकात नागपूरच्या संस्थेने तीच घेऊन रीतसर बॅकक्रॉस केला आणि सुरज, रजत, पीकेव्ही ०८१ अशा सरळ वाणांत आणली. लुधियानाच्या विद्यापीठाने पीएयू बीटी १ काढलं. म्हणजे जे २००२ मध्ये व्हायला हवं होतं ते दीड दशकानंतर झालं. तोवर गुलाबी अळी त्या जनुकाला पचवून मोकळी झाली होती. हिरव्या अळीवर तो अजून उपयोगी आहे, आणि लवकर येणारी सरळ वाणं दाट लावून हंगाम लवकर आवरता येतो, हाही मोठा फायदा. पण उशीर तो उशीरच.

आता काहीजण म्हणतील, शेतकऱ्याला संकरित हवंय म्हणून तो घेतो, त्याच्यावर सक्ती थोडीच आहे? बरोबर. पण निवड कधी म्हणायची? दुकानात दोन्ही प्रकार असतील तेव्हा. फळीवर नुसती संकरित पाकिटं असताना त्यातलं एक उचलणं याला मी निवड म्हणत नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिलाय. पण जे राखून उपयोग नाही असंच बियाणं हातात दिलं तर तो हक्क कागदावरच राहतो.

दुसरा आक्षेप, सरळ वाणात कंपनीला धंदा काय? काहीच नाही, एकदा विकलं की संपलं. अगदी मान्य. म्हणून तर ते काम सरकारी संस्थांचं आणि विद्यापीठांचं आहे. कंपनीने ते करावं अशी अपेक्षाच चुकीची. आपण रोज फुकट वापरतो त्या ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, कंपायलर यांच्यामागे कुणीतरी कंटाळवाणं, न खपणारं काम वर्षानुवर्षं केलंय, म्हणून आपल्या कंपन्यांचा धंदा चालतो. बियाण्यात ते काम करणारं कुणी उरलं नाही तर अख्खा व्यवहार पाकिटावरच्या चित्रावर चालणार.

तेव्हा माझं मत सरळ आहे. एक, पुढचा कुठलाही नवा गुण आणताना, मग तो जनुकबदलाचा असो की साध्या संकराचा, आधी कोरडवाहू शेतकऱ्याला विचारून ठरवा की परत कुठल्या वाणाकडे जायचं. दोन, शेवटच्या पायरीपर्यंत जा. स्थिर, सरळ वाण तयार करा, आणि महाबीजसारख्या यंत्रणेकडून ते पुरेसं, वेळेवर दुकानात येऊ द्या. प्रात्यक्षिकाच्या चार प्लॉटवर लावून फोटो काढण्यापुरतं नको. तीन, तपासणी बाहेरच्या, स्वतंत्र माणसांकडून करून घ्या आणि निकाल सर्वांना वाचता येतील असे ठेवा. बॅकक्रॉसला सहा-सात हंगाम लागतात. तेवढा काळ त्या टीमचे पैसे आणि माणसं टिकली पाहिजेत. दर तीन महिन्यांनी 'काय झालं?' विचारणाऱ्या मॅनेजरखाली हे काम होत नाही, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको :)

रविवारी संध्याकाळी काकांना परत फोन केला. विचारलं, सरळ वाणाचं बियाणं मिळालं तर लावाल का? ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक एकर लावून पाहीन आधी. सगळ्या वावरात नाही. दोनदा फसलो बाबू, आता आधी पाहीन मग बोलीन." मला वाटतं या सगळ्या प्रकरणात नीट टेस्टिंगची गोष्ट करणारा हा पहिलाच माणूस भेटला.

माझा बॅकपोर्ट अजून अर्धवट आहे. एक गोष्ट मात्र ठरवली आहे. मंगळवारी क्लायंटचा फोन येईल, 'झालं का?' म्हणून. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय 'हो' म्हणणार नाही. आणि येत्या शनिवारी भाजी आणायला दादरला नक्की जाणार आहे, नाहीतर पुढचा लेख लिहायला घरात जागा मिळणार नाही.

बघा, पटतंय का. शेतीतला कुणी वाचत असेल आणि माझं कुठे चुकलं असेल तर जरूर कान धरा.